गॅस तीनवर पंचवीस मिनिटं

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क मध्येच जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं इथे पुरी केलीत. बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

आज लढाई नाही, किल्ला नाही, तहही नाही. आज ओव्हन. हसू नका, ऐका.

माझी आत्या लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लोमध्ये राहते. १९७४ साली लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीला फराळ वाटून घेतात, म्हणजे चकल्या एकीकडे, अनारसे दुसरीकडे. नानकटाई मात्र तीस-पस्तीस वर्षं आत्याकडेच. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ती म्हणाली, “यंदा मंडळाला सांगून टाकलंय, नानकटाई माझ्याकडे धरू नका.”

“का गं?”

“हात गेला रे माझा.”

त्याच आठवड्यात आतेभावाचा वेगळा फोन. आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, “आईचं लक्ष राहत नाही आता. दोनदा ट्रे जाळला. गेल्या महिन्यात ब्रेडही बिघडला. डॉक्टरांना दाखवावं म्हणतोय.”

आता पार्श्वभूमी सांगतो. काका गेल्यावर आत्याने घर विकलं आणि वयस्कर लोकांसाठी बांधलेल्या एका इमारतीत दोन खोल्या घेतल्या. लिफ्ट आहे, बटण दाबलं की मदतीला माणूस येतं, सगळं आहे. गॅस नाही. अख्खी इमारत विजेवर चालते. चाळीस वर्षं गॅसच्या ओव्हनवर भाजलेल्या बाईला एका शनिवारी सकाळी विजेचा ओव्हन मिळाला. त्याच्या बटणाभोवती आकडे होते आणि चित्रं होती, पण एकही शब्द नव्हता.

सप्टेंबरमध्ये कामानिमित्त मला दहा दिवस लंडनला जायचंच होतं. शनिवार-रविवार आत्याकडे काढला. तिने वही काढून दिली. दोनशे पानी, कव्हर फाटलेलं, आत सुवाच्य मराठी. नानकटाईचं पान तुपाने पारदर्शक झालेलं. मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर, तूप, वेलची, आणि शेवटी एक ओळ: “गॅस ३, मधली जाळी, २५ मि.”

त्या ओळीत अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल. पण दोनशे वर्षांचा नक्की आहे.

आधी आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांसाठी एक खुलासा. आपल्या घरात “गॅस” म्हणजे शेगडी. सिलेंडरमधला एलपीजी आपल्याकडे १९५०च्या दशकात आला. बर्मा शेल कंपनी तो ‘बर्शेन’ या नावाने विकायची, आणि जुन्या मुंबईकरांच्या तोंडात हे नाव अजून आहे. आपण त्यावर पोळ्या भाजल्या, कुकर लावला. ओव्हन मात्र त्या शेगडीखाली क्वचितच आला. माझ्या आईने पहिला केक कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी काढून केला. मग घरात तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काच असलेला, विजेवर चालणारा. आणि आत्या लहान असताना पुण्यात तर सरळ मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची, आणि तिथून पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायची. मे महिन्याच्या सुट्टीतलं ते ठरलेलं काम. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीने ते केलेलं असणार. म्हणजे आपल्याकडे भाजणं एकतर बेकरीवाल्याच्या लाकडाच्या भट्टीत, नाहीतर विजेवर. मधली पायरी, म्हणजे आत उघडी ज्योत जळणारी पेटी, आपण जवळपास गाळलीच. म्हणून “गॅस ३” म्हणजे काय हे मलाही आधी समजलं नव्हतं. मला वाटलं, बटण तीनवर.

तर गॅस. हा आला दिव्यासाठी. कोळसा हवाबंद भट्टीत तापवला की जो वायू सुटतो, तो नळातून घरोघरी. लंडनच्या ‘गॅस लाइट अँड कोक’ कंपनीला १८१२मध्ये सनद मिळाली. आपल्या मुंबईत रस्त्यावरचे गॅसचे दिवे १८६५मध्ये लागले. यात स्वयंपाकाचा विचार कुठेच नव्हता. नॉर्दॅम्प्टनच्या जेम्स शार्पने १८२६मध्ये गॅसच्या शेगडीचं पेटंट घेतलं खरं, आणि १८४१मध्ये लंडनच्या रिफॉर्म क्लबच्या मुदपाकखान्यात अलेक्सी सोयर या फ्रेंच आचाऱ्याने गॅसवर स्वयंपाक चालू केला. लोक बघायला यायचे. पण घरी कोण घेणार? भीती अशी की वायूचा वास मांसाला लागेल, अन्न विषारी होईल. जवळजवळ पन्नास वर्षं ही शेगडी श्रीमंतांची करमणूक होऊन राहिली.

मग १८८०च्या आसपास विजेचा दिवा आला आणि गॅस कंपन्यांच्या पायाखालची जमीन सरकली. उजेडाचा धंदा जाणार हे दिसू लागलं. मग उरलं काय? उष्णता. कंपन्यांनी शेगड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. कामगारांच्या वस्त्यांत नाणं टाकलं की तेवढाच गॅस देणारे मीटर बसवले. बायकांना शिकवायला प्रात्यक्षिकं ठेवली. म्हणजे बघा, गॅसचा ओव्हन घराघरांत पोचला तो विजेच्या भीतीने. मला इतिहासातल्या अशा गोष्टी फार आवडतात. एका धंद्याने दुसऱ्याला हुसकावलं, आणि हुसकावलेला जाऊन स्वयंपाकघरात बसला.

पण एक अडचण होतीच. आत किती तापलंय हे कळणार कसं? जुन्या इंग्रजी पाककृतींत “मंद ओव्हन”, “मध्यम ओव्हन”, “तेज ओव्हन” असे शब्द असायचे. आपलं “मंद आचेवर” असतं ना, अगदी तसंच. परीक्षा घ्यायची तर पांढऱ्या कागदाचा तुकडा आत ठेवायचा आणि तो किती वेळात पिवळा पडतो, किती वेळात तांबूस होतो ते बघायचं. किंवा पिठाची चिमूट टाकायची. किंवा सरळ हात आत घालून आकडे मोजायचे आणि सोसेनासं झालं की बाहेर काढायचा. हे सगळं हातात होतं, डोळ्यांत होतं. कागदावर उतरवता येत नव्हतं.

ते कागदावर आणलं ‘रेग्युलो’ने. १९२३मध्ये रेडिएशन नावाच्या ब्रिटिश कंपनीने आपल्या ‘न्यू वर्ल्ड’ ओव्हनला हा थर्मोस्टॅट बसवला. रचना इतकी साधी की ऐकून बरं वाटतं. ओव्हनच्या आत एक पितळी नळी, आणि त्या नळीत अशा धातूची कांडी जी तापूनही फारशी वाढत नाही. ओव्हन तापला की नळी लांबते, कांडी तेवढीच राहते, आणि हा फरक गॅसची झडप ओढून घेतो. ज्योत लहान होते. ओव्हन निवू लागला की नळी आखडते, ज्योत मोठी होते. वीज नाही, सेल नाही. धातू तापून वाढतो या एका गोष्टीवर सगळा कारभार.

आणि बटणावर आकडे छापले एक, दोन, तीन, चार. अंश नाहीत. ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुढे हेच आकडे ‘गॅस मार्क’ म्हणून इतके रुळले की ब्रिटनमधल्या पाककृतींच्या पुस्तकांत आजही ते छापले जातात. गॅस १ म्हणजे २७५ अंश फॅरनहाइट, आणि पुढचा प्रत्येक आकडा २५ अंशांनी वर. मग तीन म्हणजे ३२५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये साधारण १६०-१७०. चार म्हणजे १८०. सहा म्हणजे २००. सोपं.

आत्यालाही हे सोपं वाटलं. तिच्या एका इंग्रजी पुस्तकाच्या पहिल्या पानावर कोष्टक आहे, गॅस मार्कचे अंश करून देणारं. तीनसमोर १७०. तिने नव्या ओव्हनचं बटण १७०वर ठेवलं, मधली जाळी, पंचवीस मिनिटं. नानकटाई कडेने तांबडी, वरून करपट, आणि पोटात कच्ची. दुसऱ्यांदा वीस मिनिटं. तेच. मग तिने बशीत एक घेतली, खाल्ली, आणि ओव्हनला दोष न देता स्वतःला दिला.

कोष्टक चूक नव्हतं. ते अपुरं होतं. आकडा तापमानाचा होता, आणि गॅसचा ओव्हन म्हणजे नुसतं तापमान नव्हे.

ब्रिटिश गॅस ओव्हनमध्ये ज्योत आतच असते, मागच्या बाजूला, तळाशी. गरम हवा वर चढते आणि वरची जाळी मधल्यापेक्षा जास्त तापते, साधारण एका मार्कने. खालची एका मार्कने कमी. बटणावरचा आकडा मधल्या जाळीचा. म्हणजे एका पेटीत तीन ओव्हन. आत्या रविवारी वर बटाटे भाजायची, मध्ये केक, आणि अगदी तळाशी भाताची खीर, दोन तास, साय धरेपर्यंत. एकाच गॅसवर. हे तिने कोणाला शिकवलं नाही कारण त्यात शिकवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. गॅस जळतो तेव्हा पाणी तयार होतं. शाळेत समीकरण पाठ केलं होतं, आठवतंय? मिथेनचा एक रेणू जळला की पाण्याचे दोन रेणू. एक घनमीटर गॅस जळला तर दीड किलोच्या आसपास पाणी. तुमचा ओव्हन तासभर चालला तर साधारण पेलाभर पाणी वाफ होऊन पदार्थाच्या अंगावरून जातं आणि वरच्या भोकातून बाहेर पडतं. म्हणजे गॅसचा ओव्हन दमट असतो. दमट हवेत पिठाचा वरचा थर लवकर सुकत नाही, कवच उशिरा धरतं, रंग उशिरा चढतो. आतलं शिजायला वेळ मिळतो. विजेच्या ओव्हनमध्ये जळत काहीच नाही. कॉईल तापते, बस. हवा कोरडी. बाहेरचं आधी सुकतं, आधी लाल होतं.

आत्याचा ब्रेड का बिघडला तेही यातच आलं. कवच लवकर धरलं, ब्रेड फुगायला जागा राहिली नाही आणि बाजूने फाटला.

आता वीज स्वयंपाकघरात आली कशी? तीही थाटामाटात आली. १८९२मध्ये कॅनडात ओटावाच्या विंडसर हॉटेलमध्ये थॉमस अहर्नने एक मेजवानी दिली, ज्यात सगळे पदार्थ विजेवर केलेले होते. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेचं स्वयंपाकघर मांडून ठेवलं होतं. पण घरात काही येईना, कारण तापणारी तार टिकत नव्हती. ती हवेत तापून जळून जायची. १९०६मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्शला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. आपण ज्याला नायक्रोम म्हणतो तोच हा. लालबुंद होऊनही तो गंजत नाही, वितळत नाही. तुमच्या टोस्टरमध्ये, इस्त्रीत, गिझरमध्ये तो किंवा त्याचा भाऊबंद बसलेला आहे.

ब्रिटनमध्ये १९२४ साली बायकांनी एक संघटना काढली, ‘इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन’. तिची धुरा कॅरोलाइन हॅस्लेटकडे होती. या बायकांचं म्हणणं सरळ होतं. वीज पुरुष बनवतात, पुरुष विकतात, आणि वापरायची बायकांनी, तर मग बायकांना ती कळली पाहिजे. फ्यूज कसा बदलायचा, मीटर कसं वाचायचं, ओव्हन कसा चालतो. त्यांनी व्याख्यानं दिली, हस्तपुस्तिका काढली, १९३५मध्ये ब्रिस्टलला एक संपूर्ण विजेवर चालणारं घर बांधून दाखवलं. १९२६च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रिडचं काम सुरू झालं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनमधल्या सुमारे दोन-तृतीयांश घरांत वीज पोचली होती. मला या बायकांबद्दल आदर आहे. “बटण दाबा, झालं” असं सांगणाऱ्या जाहिराती एका बाजूला, आणि “थांबा, आधी समजून घ्या” असं सांगणाऱ्या या दुसऱ्या बाजूला. आत्याच्या इमारतीत ओव्हन बसवून गेलेल्या माणसाने तिला काय सांगितलं, माहितेय? काहीच नाही. किल्ली दिली आणि सही घेतली.

खरं तर आत्यासाठी हा पहिला बदल नव्हता. बोलता बोलता तिला आठवलं. ती हाउन्स्लोत आली तेव्हा भाड्याच्या खोलीत राहायची, स्वयंपाकघर घरमालकिणीबरोबर सामायिक. एक दिवस गणवेशातली माणसं आली, रस्त्यातल्या सगळ्या घरांत शिरली, शेगड्या उलट्या करून बर्नर काढले आणि दुसरे बसवले. तो होता ब्रिटनचा ‘कन्व्हर्जन’. १९६५मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. तोपर्यंत नळातून कोळशाचाच गॅस यायचा. समुद्रातला गॅस त्याच्या दुप्पट उष्णता देणारा आणि वेगळ्या चालीने जळणारा. त्यामुळे १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं, गल्ली गल्ली धरून, देशातली कोट्यवधी उपकरणं बदलली. एवढं मोठं काम शांततेच्या काळात त्या देशाने क्वचितच केलं असेल. आणि घरमालकीण महिनाभर कुरकुरत होती की नव्या गॅसवर केक बसतो, ज्योत नीट दिसत नाही, आधीचाच बरा होता.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? सवय झाली तिला. मीच तिला सांगितलं, जाळी बदलून बघ.” हे बोलून आत्या जरा थांबली. मी काही बोललो नाही.

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. कोपऱ्यावरच्या दुकानातून ओव्हनमध्ये टांगायचा तापमापक आणला, काही पौंडांचा. आधी रिकामा ओव्हन लावून नुसतं बघत बसलो. बटण १६०वर. काटा १७०च्या वर गेला, टिक असा आवाज आला, दिवा विझला, काटा हळूहळू १५०पर्यंत उतरला, पुन्हा टिक. गॅसची ज्योत लहान-मोठी होत राहते. विजेची कॉईल तसं करत नाही, एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. आत्याने चष्मा लावून पाच वेळा ही चढउतार पाहिली आणि म्हणाली, “हा तर श्वास घेतोय.”

मग चित्रं. बटणावर एक चित्र होतं वर्तुळात पंख्याचं आणि एक होतं वर-खाली दोन रेघांचं. आधीच्या भाडेकरूने ते पंख्यावर ठेवलेलं होतं, आणि आत्याने त्याला हातच लावला नव्हता. पंख्याचा ओव्हनही तसा जुना. १९४५मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्सन याने विमानात गोठवलेलं जेवण गरम करायला असा ओव्हन काढला, नाव ठेवलं ‘व्हर्लविंड’, म्हणजे वावटळ. बरोबर नाव आहे. पंखा गरम हवा पदार्थावर सारखी फिरवतो, तिन्ही जाळ्यांवर जवळपास सारखी आच देतो, आणि उष्णता पदार्थात लवकर शिरते. म्हणून पंखा असेल तर आकडा वीस अंशांनी कमी धरायचा असतो.

इथे माझी ट्यूब पेटली. आत्याने लावलं होतं १७०, पंख्यासकट. म्हणजे बिनपंख्याच्या हिशेबाने १९०. आणि १९० म्हणजे गॅस ५! बाई नानकटाई तीनवर भाजतोय समजून दोन महिने पाचवर भाजत होती, तीही कोरड्या हवेत, तीही तिच्या त्या “थंड” खालच्या जाळीशिवाय. मी हे कागदावर मांडून दाखवलं. तिने तो कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, “म्हणजे जळणारच होती.”

“कोणाचीही जळली असती, आत्या.”

ती उठून तूप फेसायला लागली.

पहिला घाणा पंख्यावर, १४५वर. जळाली नाही, पण मागची रांग तांबूस आणि पुढची पांढरी, कारण पंखा मागे. दुसरा घाणा दोन रेघांवर, १६०वर. वरची कॉईल लाल असतानाच ट्रे आत घातला, तर डोकी करपली. तिसऱ्या वेळी आत्यानेच सगळं हातात घेतलं. दिवा विझू दिला, वर दहा मिनिटं थांबली, ट्रे खालच्या बाजूला सरकवला, बटण १५५वर आणलं. मग दाराच्या काचेसमोर खुर्ची ओढून बसली. अठराव्या मिनिटाला म्हणाली, “वास आला.” मला काही आला नव्हता. चोविसाव्या मिनिटाला तिने ट्रे काढला. भेगा पडलेल्या, कडा जेमतेम सोनेरी, बोटाने दाबलं तर भुगा होईल अशा. पुण्यातल्या पत्र्याच्या डब्यातली नानकटाई तशीच असायची, असं ती म्हणाली. मला तो डबा आठवत नाही, पण नानकटाई चांगली होती.

संध्याकाळी ब्रेड. तळाला पत्र्याच्या थाळीत उकळतं पाणी ओतलं, दार लावलं. गॅस जे फुकट द्यायचा ते आता हाताने द्यायचं. ब्रेड फुगला, बाजूने फाटला नाही.

हे सगळं मी आज का सांगतोय? एक तर हे फक्त आत्याचं नाही. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१८पासून नव्या घरांना गॅसची जोडणी देणं बंद झालंय, आणि तो देश तर स्वतःच्या गॅसवर बसलेला होता. आणि आपल्या दारातही हेच चाललंय, एक पायरी मागे. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवा असं सांगितलं. हवेसाठी ते हवंच आहे. मुंबईची हवा कशी आहे ते मी तुम्हाला सांगायला नको, खिडकीची काच पुसून बघा. पण तुमचा वडापावातला पाव ज्या भट्टीत होतो ती विटांची जाड खोली असते. विस्तव विझला तरी विटा तापलेल्या राहतात, आणि पाव त्या विटांच्या उष्णतेवर भाजला जातो. पावांनीच सोडलेली वाफ त्या बंद भट्टीत कोंडून राहते. तो भट्टीवाला विजेच्या लोखंडी ओव्हनसमोर उभा राहील तेव्हा त्याला कोणी तरी फक्त आकडा देईल, की २२० लावा. विटांचं काय, वाफेचं काय, पहिला आणि शेवटचा घाणा वेगळ्या आचेवर काढायची त्याची सवय आहे तिचं काय, हे त्या आकड्यात नसेल. त्याचे पहिले काही घाणे बिघडतील. तेव्हा “पूर्वीसारखा पाव राहिला नाही, याचा हात बिघडला” असं म्हणायच्या आधी जरा थांबू या, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि ते बिघडलेले घाणे कोणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्नही आहेच. आत्याचे तीन घाणे तिच्या निवृत्तिवेतनातून गेले, आणि नानकटाई आम्ही खाल्लीच. बेकरीवाल्याला तेवढी सोय नाही.

रविवारी रात्री आतेभाऊ आला. त्याने दोन नानकटाया उभ्या उभ्या खाल्ल्या आणि तिसरी हातात घेतली. डॉक्टरांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. आत्याने वही उघडली. “गॅस ३, मधली जाळी, २५ मि.” ही ओळ तिने खोडली नाही. तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं: “विजेवर – दोन रेघा, १५५. दिवा विझल्यावर १० मि. थांबणे. खालून दुसरी. २४ मि. १८ला वास.”

मग तिने मंडळाच्या बाईंना फोन लावला. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. आत्या म्हणाली, “हो, धरा माझ्याकडे. नाही, पाचशे नाही. दोनशे. अहो, हा ओव्हन एका वेळी एकच ट्रे नीट भाजतो, आणि मला समोर बसावं लागतं.”